हिशेबनीसाचे मौन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी एक चुलत पुतणी संध्याकाळच्या वेळी घरी आली, ती हातात दहा-बारा टंकलिखित पाने घेऊन. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर नोकरीच्या मागे न लागता तिने आपल्या बालाघाटातच, हनुमान चौकापासून जवळ, एका दुकानाच्या माडीवर हिशेब लिहून देण्याचा व्यवसाय मांडला आहे. ती स्वतः आणि हाताखाली तीन तरुण मदतनीस, एवढाच पसारा. दोन राइस मिल, एक औषधांचे दुकान, कापडाची दोन दुकाने, एक वीटभट्टी आणि वारासिवनीकडचे काही कंत्राटदार यांची खाती संगणकावर उतरवणे, जीएसटीची विवरणे मुदतीत भरणे, मजुरांच्या पगाराच्या याद्या करणे, ही तिची कामे. १ जुलै २०१७ रोजी ही करप्रणाली आल्यापासून असे व्यवसाय गावोगाव किती वाढले हे वाचक पाहतच आहेत. ज्या दुकानदाराचे वर्षाकाठी एकदा वकिलाकडे जाऊन भागत असे, त्यालाही आता दर महिन्या-तीन महिन्यांनी कोणापुढे तरी आपली वही उघडावी लागते.

"काका, एवढे वाचून द्या," ती म्हणाली. "मिलवाले म्हणतात, आधी या करारनाम्यावर सही, मग कागद."

करारनामा इंग्रजीत होता. कोणा मोठ्या कंपनीसाठी लिहिलेला मसुदा नावे बदलून उतरवून घेतला आहे, हे दोन पाने वाचताच ध्यानात आले. सार असे: ग्राहकाकडून जे जे कळेल ते सर्व गुप्त, ते कायम गुप्त, कोणत्याही कारणास्तव, कोणाहीपुढे, त्याचा उच्चार करावयाचा नाही. हाच मजकूर तिने आपल्या मदतनिसांकडूनही लिहून घ्यावयाचा होता, आणि त्यांच्यासाठी दोन कलमे जादा होती. गुपित फुटल्यास पाच लाख रुपये दंड, आणि काम सोडल्यावर तीन वर्षे जिल्ह्यात कोणाकडेही हिशेबाचे काम न करणे. त्या तिघांपैकी एकाचा पगार महिना नऊ हजार आहे.

त्या संध्याकाळी मी तिला जे बोललो ते आज मला पुरते पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. मी म्हणालो, "आपल्या घरच्या मुनीमजींनी असल्या कागदावर कधी सही केली नव्हती."

आपल्यापैकी ज्यांची घराणी भोसल्यांच्या किंवा नंतर जुन्या मध्यप्रांताच्या काळात वैनगंगेच्या या खोऱ्यात येऊन स्थिरावली, त्यांच्यांत बहुतेकांच्या घरी असा एखादा मुनीम, कारकून वा दिवाणजी होऊन गेला असेल. आमचे मुनीमजी माझ्या जन्मापूर्वीच गेले. मी त्यांना ओळखतो ते वडिलांच्या तोंडून. रोजकीर्द आणि खतावणी ते मोडीत लिहीत. कोणत्या गावाचा वसूल किती, कोणावर किती येणे, घरातले कोणते दागिने कोठे गहाण आहेत, हे आजोबांच्या खालोखाल त्यांनाच ठाऊक असे. आजीलाही त्यातले काही कळत नसे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली, देणेकरी दारात उभे राहू लागले, घर किती पोकळ झाले आहे हे त्यांना दिसत होते, पण त्यांनी या कानाचे त्या कानाला कळू दिले नाही. त्यांच्या पश्चात त्या वह्या वाचणारा घरात कोणी उरला नाही. पेटी अजून माळ्यावर आहे.

पुतणी निघून गेल्यावर मला मुनीमजींपेक्षा माझीच आठवण अधिक झाली.

मी राज्य शासनाच्या सेवेत होतो आणि माझ्या कामात लोकांच्या हिशेबाचे कागद रोज डोळ्यांखालून जात. खाते व गाव सांगत नाही. १९९० च्या आसपास, एका जिल्ह्याच्या ठिकाणी, मी एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सहज विचारले, "अमक्या शेटजींचे कसे काय चालले आहे?" मी म्हणालो, "यंदा जरा ओढाताण दिसते." एवढेच. आकडा सांगितला नाही, कागद दाखवला नाही. पण मी कोणत्या खुर्चीवर बसतो हे त्या गृहस्थांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या चार शब्दांना वजन होते. पंधरवड्यात घाऊक माल देणाऱ्यांनी उधारी थांबवली, दिवाळीपर्यंत थांबले असते ते सावकार आधीच येऊन बसले, आणि शेटजींना दुकान भागीदाराच्या नावे करून द्यावे लागले. ते माझ्या बोलण्यामुळेच झाले की एरवीही झाले असते, याचा निवाडा मी पस्तीस वर्षांत करू शकलेलो नाही. पुढे बाजारात भेट झाली की ते आधी हात जोडीत.

आता यात कागद नव्हता असे कोणी म्हणू नये. मध्यप्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, १९६५ मला लागू होते. कार्यालयीन माहिती अनधिकाराने कोणास सांगू नये, असे त्यांत स्पष्ट आहे. लोभ नव्हता, वैर नव्हते, कोणी चहासुद्धा पाजला नव्हता. मग काय होते? 'आपल्याला आतले ठाऊक आहे' हे चारचौघांत दिसावे एवढीच हौस. माझा अनुभव असा की, हिशेबाची गुपिते लाच घेऊन जेवढी फुटतात त्याहून कितीतरी अधिक या हौसेपायी फुटतात. करारनामे लिहिणारे वकील चोर डोळ्यांपुढे ठेवून कलमे लिहितात. पंगतीत बसलेला सज्जन त्यांच्या हिशेबात नसतो.

इंग्लंडात निकालात निघालेले एक जुने प्रकरण माझ्या या अपराधाचे जुळे भावंड आहे. टूर्निए नावाच्या एका माणसाच्या नावे नॅशनल प्रॉव्हिन्शियल बँकेत सुमारे साडेनऊ पौंडांचे देणे थकले होते. शाखाधिकाऱ्याने त्याचा पत्ता विचारण्यासाठी तो जेथे काम करीत असे तेथे दूरध्वनी केला आणि बोलण्याच्या ओघात सांगून टाकले की, या माणसाचा पैसा पैजा घेणाऱ्याकडे जातो आहे. टूर्निएची नोकरी पुढे चालू ठेवण्यात आली नाही. वरिष्ठ न्यायालयाने ठरवले की, लेखी लिहिलेले असो वा नसो, ग्राहकाचे गुपित राखणे हा बँकेच्या कराराचाच भाग आहे. पण त्याच निकालाने या मौनाला चार वाटाही ठेवल्या: कायद्याने सांगणे भाग पडले तर, जनतेप्रती कर्तव्य असेल तर, बँकेला स्वतःच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तर, आणि ग्राहकाने स्वतः संमती दिली तर. पुतणीच्या दहा-बारा पानांत यांपैकी एकही वाट नव्हती.

या ठिकाणी मला मुनीमजींची दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. तीही वडिलांनीच सांगितली, आणि कौतुकानेच सांगितली. धानाचे बी सवाईने नेणारा एक कास्तकार दर पावसाळ्याच्या तोंडी येऊन विचारी, "मुनीमजी, माझ्याकडे किती निघते?" आणि मुनीमजी दर वेळी म्हणत, "मालकांना विचारा." मालक म्हणत, "मुनीमजींना ठाऊक." तो बिचारा वर्षानुवर्षे धान आणून घालीत राहिला, आपल्या नावापुढे कोणता आकडा लिहिला आहे हे त्याला कधीच कळले नाही. वही मोडीत होती आणि तो अंगठा उठवणारा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही हसत असू. मुनीमजींच्या पोटातून गोष्ट कशी बाहेर येत नसे, याचा तो पुरावा होता. साठी उलटल्यावर तीच गोष्ट आठवली तेव्हा मला हसू आले नाही.

असल्याच आकड्यांपायी महाराष्ट्रात काय झाले ते सर्वश्रुत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांतून कर्जरोखे व वह्या काढून त्यांनी त्या जाळल्या. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावी पोचले. लक्षात घेण्याजोगे हे की, जमावाचा रोख बहुतांशी कागदांवर होता. कागद मिळाले तेथे माणसांवर हात क्वचितच उगारला गेला. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात इतर तरतुदींबरोबर हीही घातली गेली की, सावकाराने ऋणको शेतकऱ्याला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब मागितल्यास लिहून द्यावा आणि रोखा ग्राम-निबंधकासमोर व्हावा. म्हणजे ज्याचे नाव वहीत आहे त्यालाच ती वही गुप्त राहू नये, हे सांगण्यासाठी कायदा करावा लागला.

वहीचा मालक एक असतो. नावे मात्र तिच्यात अनेकांची असतात. मिलवाल्याच्या वहीत धान घालणारे शेतकरी आहेत, हमाल आहेत, आगाऊ रक्कम घेतलेला ट्रकचालक आहे. औषधाच्या दुकानाच्या उधारीत गावातले अर्धे आजार लिहिलेले आहेत. आपण 'ग्राहकाचे गुपित' म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात या सर्वांची गुपितेही बांधून टाकतो आणि त्यांची चावी मात्र ग्राहकाच्या हाती देतो. मुनीमजींच्या निष्ठेत हाच दोष होता. ती अमर्याद होती, आणि जे मौन आम्हा घरच्यांना उपकार वाटले तेच त्या कास्तकाराच्या बाबतीत सावकारी झाले. कागदावर उतरलेल्या कराराला मी आज अधिक मान देतो तो एवढ्यासाठी की, कागदाला कडा असतात. कोठे गप्प राहावयाचे आणि कोठवर, हे त्यात लिहिता येते. मालकाच्या मिठाला जागण्याला अशी कड नसते.

आठवड्याने मी पुतणीला बोलावले आणि आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो. तेव्हा तिनेच मूळ प्रश्न काढला.

"काका, समजा, एखाद्या पार्टीकडे बत्तीस माणसे काम करतात आणि ती मला एकोणीसच नावे देते. माझ्या हातात मात्र रोजंदारी वाटल्याची चिठ्ठी येते बत्तिसांची. तेव्हा?"

वीस वा अधिक कामगार असले की भविष्यनिर्वाह निधीचा नियम लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना एकोणिसाचे मर्म वेगळे सांगावयास नको. मी विचारले, कोण आहे? ती म्हणाली, "विचारण्यापुरते विचारते आहे." तिने नाव सांगितले नाही, आणि मला मनातून बरे वाटले.

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर अर्धवट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३ म्हणते की, ज्या कराराचा हेतू बेकायदेशीर वा लोकहितविरोधी आहे तो करारच नव्हे. म्हणजे फसवणूक झाकण्यासाठी लिहून घेतलेले मौन बंधनकारक होत नाही. इंग्लंडात १८५६ सालच्या गार्टसाइड विरुद्ध आउट्रम या खटल्यात लोकरीच्या दलालांच्या माजी कारकुनाने पेढी गिऱ्हाइकांना कशी नाडते हे बाहेर सांगितले, आणि पेढी त्याचे तोंड बंद करावे म्हणून न्यायालयात गेली. कारकुनाचे म्हणणे खरे ठरले तर असल्या गोष्टीत विश्वासाचे बंधन संभवतच नाही, असा न्यायाधीशांचा अभिप्राय पडला. पण 'बोललास तर गुन्हा नाही' आणि 'बोललेच पाहिजे' यांत फार अंतर आहे. सनदी लेखापालांना १९४९ च्या त्यांच्या कायद्याची दुसरी अनुसूची आहे. ग्राहकाच्या संमतीवाचून वा कायद्याच्या आज्ञेवाचून माहिती बाहेर दिली तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरते. वकिलांना १८७२ च्या पुरावा कायद्यापासून संरक्षण आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते टिकले आहे. माझी पुतणी दोहोंपैकी कोणीच नाही. तिला ना परिषद, ना सनद, ना विशेषाधिकार. उद्या न्यायालयाने विचारले तर तिला सांगावेच लागेल, मग करारात काहीही लिहिलेले असो. तिचे कर्तव्य आणि तिचे संरक्षण, दोन्ही त्या दहा-बारा पानांतच काय ते.

मी तिला माझे मत सांगितले. ते चुकीचे असू शकेल. एकोणीस नावांची यादी तिने स्वतःच्या हाताने करू नये. पार्टीला तोंडावर सांगावे, ऐकले नाही तर काम परत करावे. अधिकाऱ्याने रीतसर विचारले तर खरे सांगावे. आणि त्या बत्तिसांपैकी कोणी येऊन 'माझ्या नावापुढे काय लिहिले आहे' असे विचारले, तर त्याची ओळ त्याला दाखवावी. दुसऱ्याची नव्हे, त्याची. एवढ्यापर्यंत माझे पाऊल ठाम आहे. कोणीच विचारले नाही तर तिने आपण होऊन कार्यालयाची पायरी चढावी काय? येथे मी अडखळतो. आज एकाच्या बाबतीत ती चढली, तर उद्या प्रामाणिक दुकानदारही तिच्यापुढे खरी वही उघडणार नाही. आणि न चढली तर तेरा माणसांचा म्हातारपणचा पैसा बुडतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काम परत करताना कारण लेखी देईन. मग बत्तिसांतला कोणी कधी आला तर माझ्याकडे कागद असेल." मला एवढेही सुचले नव्हते.

बाकीची कलमे दुरुस्त करणे सोपे होते. पाच लाखांचा आकडा केवळ भीतीचा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. तीन वर्षे जिल्ह्यात काम करू नये हे कलम २७ पुढे टिकत नाही. या विषयावरचा नेहमी सांगितला जाणारा निकाल आपल्या कल्याणचाच आहे. तेथल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात पाच वर्षांचा करार करून लागलेले एक पर्यवेक्षक, गोलिकरी, मुदतीपूर्वीच कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली त्यांच्यावरील मनाई कायम केली, परंतु कराराची मुदत चालू होती हे त्यातले मुख्य. नोकरी संपल्यावर माणसाची भाकर बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे. गुपित राखण्याचे बंधन पुढेही राहू शकते. हाताला येणारे काम कोणी बांधून ठेवू शकत नाही. नऊ हजारांच्या मुलाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला, असे पुतणी म्हणाली.

नव्या कायद्याचीही एक गोष्ट तिला सांगितली. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्याच्या मागोमाग २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. मुख्य बंधनांसाठी त्यात अठरा महिन्यांची सवड आहे. त्यात असे आहे की, लोकांची माहिती बाळगणाऱ्याने ती दुसऱ्याकडून हाताळून घ्यावयाची तर त्याच्याशी रीतसर करार हवा. मला त्यातले महत्त्वाचे वाटले ते हे की, ज्याची माहिती आहे त्याला ती काय आहे हे विचारण्याचा हक्क दिला आहे. सुप्याच्या शेतकऱ्याला जे हवे होते त्याच्या जवळपासचे काही तरी आता हमालाच्या हाती येऊ घातले आहे.

जाता जाता एक किरकोळ गोष्ट, जी मला किरकोळ वाटत नाही. त्याच आठवड्यात चौकातल्या गाडीवरून भजी आणली. पुडी सोडली तर कागदावर कोणा पेढीच्या पगारपत्रकाचे छापील पान: नावे, बँकेचे खाते क्रमांक, उचल, कपात. तेलाने पारदर्शक झालेले. कोणी करार मोडला नव्हता. कोणी तरी फक्त रद्दी विकली होती. मी पान चुलीत घातले आणि पुतणीला दूरध्वनी करून विचारले, तुझी रद्दी कोठे जाते? क्षणभर ती बोलली नाही. तिच्या कार्यालयात ग्राहकांचे सांकेतिक शब्द एका वहीत लिहून ती वही टेबलावर उघडी असते आणि बँकेची विवरणे मुलांच्या स्वतःच्या मोबाइलवर येतात, हेही तेव्हा बाहेर आले. या तीन गोष्टींसाठी तीन साधी कलमे घातली. मूळ मसुद्यात 'कायम' आणि 'सर्व' हे शब्द वारंवार होते, रद्दीचा उल्लेख एकदाही नव्हता.

नवा करारनामा चार पानांचा झाला, आणि मिलवाल्यांसाठी हिंदीत, मुलांसाठीही हिंदीतच लिहिला. त्यात काय गुप्त, कोणापासून, किती वर्षे, कोणत्या चार प्रसंगी बोलता येईल, आणि शेवटी वहीत नाव असलेल्या माणसाला त्याची स्वतःची ओळ दाखवण्याचे कलम. मदतनिसांपैकी मुलीने सही करण्यापूर्वी विचारले, "घरी आईलाही नाही सांगायचे?" पुतणी म्हणाली, "आईलाही नाही." ती कागद घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सही करून आणला. साक्षीदाराच्या जागी माझे नाव घालावे असा पुतणीचा आग्रह होता. मी तिला ती लग्नाच्या पंगतीची गोष्ट सांगितली, तरीही तिने तोच आग्रह धरला. मग मी सही केली.

मिलवाल्यांनी बाकी सर्व मान्य केले आहे. शेवटच्या कलमाखाली मात्र पेन्सिलीने रेघ मारून 'यावर बोलू' असे लिहून कागद परत पाठवला आहे. बोलणे पुढच्या सोमवारी ठरले आहे.